कम्युनिटी कॉलेजात नाव घालण्याआधी त्याचं आवार वाचा

मी २००९ मध्ये एच-४ म्हणजे नोकरीवर आलेल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला आले आणि काही महिन्यांनी सासूबाईंना फोनवर सांगितलं, "मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात जायचं म्हणतेय." शेजारच्या अमेरिकन आजी डी अँझा कॉलेजला 'जेसी' म्हणजे ज्युनिअर कॉलेज म्हणायच्या, तेच माझ्या तोंडात बसलं होतं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू बीकॉम ना? मग परत अकरावीत कशाला?"

तेव्हा मी हसले. पुढे या कॉलेजांचा इतिहास वाचला आणि कळलं, बाई अगदीच चुकल्या नव्हत्या. अमेरिकेतलं सगळ्यात जुनं सरकारी ज्युनिअर कॉलेज १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएट गावी सुरू झालं ते एका हायस्कूलातच. हायस्कूल संपलेल्या मुलांना तिथेच आणखी दोन वर्षं शिकवायचं, अशी ती सोय होती. पहिल्या वर्षी विद्यार्थी सहा. शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी मिळून ते जमवलं. कॅलिफोर्नियाने १९०७ मध्ये कायदा करून हायस्कूलांना अशी वरची दोन वर्षं शिकवायला परवानगी दिली, आणि १९१० मध्ये फ्रेस्नोला राज्यातलं पहिलं असं कॉलेज निघालं. 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रुळलं ते अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या १९४७ च्या अहवालानंतर. तेव्हा महायुद्धावरून परतलेले लाखो सैनिक सरकारी खर्चाने शिकत होते आणि जागा पुरत नव्हती.

हे सगळं सांगायचं कारण असं की आमच्या अपार्टमेंटमध्ये नव्याने आलेल्या मुली मला विचारतात, "ताई, कुठला कोर्स घेऊ?" मी म्हणते, आधी शनिवारी माझ्याबरोबर चल. कॉलेजचे निम्मे नियम वेबसाइटवर वाचून डोक्यात शिरत नाहीत. प्रवेश परीक्षा का नाही, फी युनिटवर (कोर्स किती मोठा ते मोजायचं माप) का, एकाच डिस्ट्रिक्टच्या (कॉलेजं चालवणाऱ्या स्थानिक सरकारी संस्थेच्या) दोन कॉलेजांत वेगवेगळे कोर्स का, याची उत्तरं त्याच्या इतिहासात आणि आवारात असतात. माझी उदाहरणं फूटहिल-डी अँझा डिस्ट्रिक्टची आहेत, कारण मी तिथे शिकले. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत, तुमच्या जवळचं कुठलंही घ्या आणि हेच करून बघा.

फिरायला डी अँझापासून सुरुवात करा. व्हीटीएची म्हणजे इथल्या सार्वजनिक वाहतुकीची २३ नंबरची बस थेट दारात सोडते. आत शिरल्यावर सगळ्यात जुनी वास्तू शोधा, कारण तिच्यावरून जमीन आधी कोणाची होती ते कळतं. इथे ती ल पती त्रियानों. विलिस पोक या वास्तुकाराने १८९० च्या दशकात चार्ल्स बाल्डविन या धनिकासाठी बांधलेलं पांढरंशुभ्र घर, व्हर्सायच्या छोट्या महालावर बेतलेलं. भोवती तेव्हा बाल्डविनचे द्राक्षमळे होते. पुढे कॅलिफोर्निया हिस्ट्री सेंटरने अनेक वर्षं त्या घरात बस्तान मांडलं. सासूबाई इथे आल्या तेव्हा त्यांना मी आधी हेच दाखवलं. समोरच्या खोलगट बागेच्या काठावर बसून म्हणाल्या, "वाडा बरा आहे. वर्ग कुठे भरतात?" वर्ग मागे, लालसर कौलांच्या बसक्या इमारतींत. कॉलेज उघडलं १९६७ मध्ये. या खोऱ्यात तेव्हा जर्दाळू आणि प्रूनच्या बागा तोडून घरं उठत होती, आणि त्या घरांतली मुलं कॉलेजच्या वयाची होत होती.

मग पार्किंग बघा. गंमत नाही करत. इतक्या जागेत गाड्या का, हे समजलं की कॉलेज कोणासाठी बांधलंय ते कळतं. आवारात वसतिगृह नाही. विद्यार्थी घरून किंवा कामावरून येतात, वर्ग करतात आणि जातात. म्हणून संध्याकाळी सहानंतरचे वर्ग इथे दुय्यम समजले जात नाहीत. माझ्या अकाउंटिंगच्या संध्याकाळच्या वर्गात एक निवृत्त पोस्टमन होता, हायस्कूलची दोन मुलं होती आणि माझ्यासारख्या चार-पाच एच-४ वाल्या.

डी अँझात फ्लिंट सेंटर हे नावही कानावर येईल. १९७१ मध्ये उघडलेलं हे भव्य नाट्यगृह २०१९ मध्ये कायमचं बंद झालं. स्टीव्ह जॉब्सने २४ जानेवारी १९८४ ला पहिला मॅकिंटॉश संगणक याच रंगमंचावर दाखवला. सगळे ते सांगतात. त्याच वर्षी दुसरी एक गोष्ट झाली, ती कोणी सांगत नाही: कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत पहिल्यांदा सरसकट फी लागली. तोवर राज्यातल्या रहिवाशांना शिक्षण फुकट होतं. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने घरपट्टीवर लगाम घातला आणि घरपट्टीवर पोसलेली ही कॉलेजं अडचणीत आली. सुरुवात झाली सेमिस्टरला जास्तीत जास्त ५० डॉलरने. २०१२ पासून हा दर सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर आहे. फूटहिल आणि डी अँझा क्वार्टर पद्धतीची, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोट्या बारा आठवड्यांच्या सत्रांची कॉलेजं आहेत, तिथे तो युनिटला ३१ डॉलर पडतो. म्हणजे पाच युनिटचा अकाउंटिंग १ए हा कोर्स १५५ डॉलरला, वर किरकोळ आकार आणि पुस्तक.

पण हा दर रहिवाशांचा, आणि नव्या मुली इथेच फसतात. रहिवासी ठरायला कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचा पुरावा लागतो. त्याआधी नाव घातलंत तर परराज्य-परदेशाचा दर लागतो आणि तो कितीतरी पट आहे. एच-४ वाल्यांना रहिवासी होता येतं, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना नाही. तेव्हा उतरल्या उतरल्या भाडेकरारावर स्वतःचं नाव घाला, ड्रायव्हिंग लायसन्स काढा, बँकेचं खातं उघडा. मी यातलं काही केलं नव्हतं. सगळं नवऱ्याच्या नावावर, आणि मी कागदोपत्री हवेत. पुरावे जमवण्यात माझा एक क्वार्टर गेला. हायस्कूलनंतर पहिल्यांदाच पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलांना आणि कमी उत्पन्नाच्या घरांना फी माफ होण्याच्या योजना आहेत. अर्ज करताना तो भाग वगळू नका.

दुपारनंतर फूटहिल. २८० नंबरच्या महामार्गाने उत्तरेकडे पंधरा-वीस मिनिटं, एल मॉन्टे रोडला उतरायचं. डिस्ट्रिक्टचा जन्म १९५७ चा. पहिले वर्ग १९५८ मध्ये माउंटन व्ह्यूच्या एका जुन्या शाळेत भरले, आणि लॉस आल्टोस हिल्सचं आवार १९६१ मध्ये उघडलं. अर्नेस्ट कंप यांच्या चमूने ते टेकडीवर असं बसवलं की गाड्या सगळ्या खाली, कडेला, आणि वर फक्त माणसं. मोठ्या पडवीसारखी पुढे आलेली छपरं, रेडवुडचं लाकूड, दोन टेकड्यांना जोडणारा पादचारी पूल. मला हे आवार डी अँझापेक्षा जास्त आवडतं, आणि हे मी डी अँझावाल्यांसमोर म्हणत नाही. पायऱ्या मात्र खूप आहेत. गुडघे दुखत असतील तर चढाची वाट आधी विचारून घ्या. केएफजेसी हा कॉलेजचा रेडिओ ८९.७ वर लागतो. कानाला विचित्र वाटलं तरी दहा मिनिटं ऐका.

आता दोन्ही आवारांत काय वेगळं ते बघायचं. एकाच डिस्ट्रिक्टची दोन कॉलेजं सगळं दोनदा शिकवत नाहीत. मोटार दुरुस्ती आणि नर्सिंग डी अँझात. दातांची निगा शिकवणारा डेंटल हायजीन, श्वसनोपचार आणि पशुवैद्यकीय तंत्रज्ञ हे कोर्स फूटहिलला. राज्याने २०१४ च्या कायद्याने मोजक्या कम्युनिटी कॉलेजांना एकेका विषयात चार वर्षांची पदवी द्यायची मुभा दिली, तेव्हा फूटहिलने डेंटल हायजीनच घेतलं. इंग्रजी, गणित, अकाउंटिंग मात्र दोन्हीकडे मिळतं, म्हणून एकीकडे जागा भरली की दुसरीकडे बघा.

आणि तिसरी जागा विसरू नका. मी विसरले होते. फूटहिलचा एक कोर्स घेतला, पहिल्या दिवशी ऐटीत टेकडी चढले, वर्गाला कुलूप. वेळापत्रकात 'मिडलफील्ड' लिहिलेलं मी नीट वाचलंच नव्हतं. तो वर्ग पालो आल्टोत, कबर्ली नावाच्या बंद पडलेल्या हायस्कूलच्या जागेत भरत होता. घामाघूम होऊन पोचले तेव्हा हजेरी झाली होती. ते केंद्र २०१६ मध्ये सनीव्हेलला गेलं, हवाई दलाच्या ओनिझुका तळाची पूर्वी जी जागा होती तिथे. तेव्हा वेळापत्रकात वार आणि वेळ बघाल तसा ठिकाणाचा रकानाही बोट ठेवून वाचा.

हे कॉलेज कोणाचं, असं तुम्हाला वाटेल. प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढा. आम्ही घर घेतल्यावर त्यात फूटहिल-डी अँझाच्या नावाची ओळ बघून मी चमकलेच. इमारतींसाठी मतदारांनी १९९९ मध्ये २४ कोटी ८० लाख, २००६ मध्ये ४९ कोटी ८ लाख आणि २०२० मध्ये ८९ कोटी ८० लाख डॉलरचे रोखे मंजूर केले, आणि ते कर्ज आमच्या करातून फिटतं. विश्वस्त मंडळही निवडणुकीने येतं. त्याच्या सभा खुल्या असतात आणि इतिवृत्तं ऑनलाइन मिळतात. कुठला विभाग बंद व्हायच्या बेतात आहे, कुठली इमारत पडणार आहे, हे माहितीपत्रकाच्या कितीतरी आधी तिथे कळतं. दोन वर्षांचा कोर्स घ्यायचा असेल तर मागच्या चार-पाच सभांची इतिवृत्तं चाळाच.

मुलं मोठी असतील तर १९६० चा मास्टर प्लॅन समजून घ्या, कारण आज घराघरांत 'ट्रान्सफर' म्हणून जी चर्चा चालते तिचं मूळ तिथे आहे. राज्याने उच्च शिक्षणाच्या तीन पायऱ्या ठरवल्या. हायस्कूलची वरची एक-अष्टमांश मुलं यूसीत म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जाऊ शकतील, वरची एक-तृतीयांश स्टेटमध्ये म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत, आणि ज्युनिअर कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं. इथे प्रवेश परीक्षा नाही ती यामुळे. खालच्या पायरीवरून दोन वर्षांनी वर जायची वाटही त्याच आराखड्यात होती. त्यासाठी साधारण ६० सेमिस्टर युनिटं म्हणजे ९० क्वार्टर युनिटं लागतात. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रुझ ही सहा यूसी तर अटी पूर्ण केल्यास जागेची हमी देतात. त्याला टॅग म्हणतात आणि पुढच्या फॉलच्या म्हणजे शरद सत्राच्या प्रवेशासाठी अर्ज फक्त सप्टेंबरात घेतात. बर्कली आणि एलए त्या यादीत नाहीत. पालकांनी ते आधीच मनाला समजावावं.

कुठला कोर्स कुठे चालतो हे शेजाऱ्याला विचारू नका, मलाही नाही. असिस्ट नावाचं सरकारी संकेतस्थळ उघडा. कॉलेज, विद्यापीठ आणि विषय निवडला की कशाच्या बदल्यात काय ते समोर येतं. त्या पानाची प्रत तारखेसकट जपून ठेवा, कारण करार वर्षागणिक बदलतात. सर्वसाधारण शिक्षणाच्या अटींसाठी २०२५ च्या फॉलपासून कॅल-गेटसी हा नवा आराखडा आहे. थोरल्या भावंडाची जुनी यादी धाकट्याला देऊ नका.

फिरून झालं की घरी येऊन ऑनलाइन अर्ज भरा. नाव पासपोर्टावर आहे तसंच लिहा. माझं एका ठिकाणी वडिलांचं नाव मधे घालून, दुसरीकडे न घालता गेलं आणि दोन विद्यार्थी क्रमांक तयार झाले. भारतातली पदवी असेल तर तिचं मूल्यमापन करून घ्यायचं की कोर्स परत करायचे, हे समुपदेशकाशी बोलून ठरवा. मी परत केले. क्वार्टरच्या बारा आठवड्यांत पळापळ झाली, पण इथली हिशेबाची भाषा कानात बसली, आणि २०१५ मध्ये एच-४ वाल्यांना कामाची परवानगी मिळू लागली तेव्हा ती उपयोगी पडली.

नवीन विद्यार्थ्याला नावनोंदणीची तारीख उशिराची मिळते, त्यामुळे हवा तो वर्ग भरलेला दिसेल. प्रतीक्षायादीत नाव टाका आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसाच. यादीत नाव टाकलेले काहीजण येतच नाहीत. जागा रिकामी दिसली की शिक्षक 'ॲड कोड' म्हणजे भरलेल्या वर्गात नाव घालायचा क्रमांक देतात. तो मिळाला की त्याच रात्री ऑनलाइन टाका, कारण त्याला मुदत असते. आणि वर्ग झेपणार नाही असं वाटलं तर पैसे परत मिळायची तारीख उलटायच्या आत नाव काढा. नुसतं जायचं बंद केलं म्हणजे नाव निघालं असं नाही.