रॅफाएलची मॅडोना रंगवताय? या चुका टाळा

तैलरंग शिकायचे तर जुन्या उस्तादाचं एखादं चित्र नक्कल करण्यासारखा दुसरा मार्ग नाही. व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममधलं इटालियन चित्रकार रॅफाएलचं 'मॅडोना ऑफ द मेडो' (१५०५-०६) त्यासाठी उत्तम. मॅडोना म्हणजे येशूची आई मेरी. मेरी, बाळ येशू आणि छोटा जॉन (पुढे येशूला बाप्तिस्मा देणारा संत) एका त्रिकोणात बसवलेले असल्यामुळे रेखाटन लवकर जमतं. खरी परीक्षा रंगात.

सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात ती मेरीच्या निळ्या वस्त्रापाशी. ट्यूबमधला अल्ट्रामरीन (गडद निळा रंग) थेट जाड लावला की वस्त्र काळपट, निर्जीव दिसतं. हा रंग तेलात पारदर्शक असतो. खालून उजेड परतला तरच तो झळकतो. म्हणून आधी पांढरा मिसळलेल्या निळ्याने चुण्या घडवा, उजेडाच्या जागा हव्यात त्याहून फिकट ठेवा. थर पूर्ण वाळू द्या. मग जवसाच्या तेलाचे एक-दोन थेंब घालून शुद्ध अल्ट्रामरीनचा पातळ थर फिरवा आणि उजेडाच्या जागी तो कापडाने हलकेच पुसून घ्या. आधीच काळवंडलं असेल तरी खरवडू नका. वाळल्यावर त्यावरच फिकट चुण्या पुन्हा काढा आणि नव्याने पातळ थर द्या. धीर धरलात तर निळा असा उजळतो की बघत राहावं!

त्वचेसाठी नुसता पांढरा आणि लाल मिसळला तर बाळ प्लॅस्टिकच्या बाहुलीसारखं गुलाबी होतं. यलो ओकर (मातकट पिवळा) हवाच. सावलीत काळा नको, थोडा रॉ अंबर (मातकट तपकिरी) पुरतो.

भेगा का पडतात? खालचा थर तेलकट आणि वरचा टर्पेंटाईनने पातळ केलेला असला की वरचा आधी वाळतो आणि तडकतो. क्रम उलटा हवा: खाली कमी तेल, वर जास्त. पण जास्त म्हणजे ओतायचं नाही, त्याने सुरकुत्या पडतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, घाई करू नका.

गडद भाग मध्येच मंद पडला तर रंग चढवू नका. थर वाळल्यावर तेलाचा अगदी पुसट हात फिरवा, उरलेलं टिपून घ्या.

शेवटचं व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने.

आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कधीच टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.