रिपोर्ट सांगताना 'प्रोग्रेस' म्हणू नका, प्लीज

ऑन्कोला, म्हणजे कॅन्सर विभागात, नव्याने जॉइन होणाऱ्या ज्युनिअर्ससाठी लिहितेय. सीटी, पेट स्कॅन वाचायचं कसं ते तुम्हाला येतंच, वाईट बातमी सांगायच्या 'स्पाइक्स' पद्धतीच्या सहा पायऱ्याही व्हायवासाठी पाठ असतील. मलाही होत्या.

माझी गोची झाली एका शब्दावर. मी नाशिकमध्ये नवीन, ओपीडी तुडुंब, समोर निफाडकडचे द्राक्षबागायतदार काका, आणि मी स्क्रीनकडे बघत बोलून गेले, "काका, थोडी प्रोग्रेस दिसतेय." काका हसले, मुलाने हात जोडले, मला वाटलं काय खंबीर माणसं आहेत! तासाभराने ते सिस्टरांना पेढे द्यायला आले तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. अहो, आपल्याकडे प्रोग्रेस म्हणजे प्रगतीपुस्तकातली प्रगती, आणि रिपोर्टातली प्रोग्रेस म्हणजे आजार वाढलाय. पॉझिटिव्हचंही तेच, 'पेट पॉझिटिव्ह' (म्हणजे स्कॅनमध्ये गाठ चमकतेय) ऐकून लोक खूश होतात.

परत आत बोलावलं, बसवलं, दार लावलं. "काका, मघाशी माझा शब्द चुकला. फुप्फुसातली गाठ कमी नाही झाली, वाढलीय. १४ एमएमची १९ झालीय." कोणीच बोलेना, मी घाबरून लगेच पुढच्या केमोचं सुरू केलं तर सिस्टरांनी खुणेनेच गप्प केलं. मग काका म्हणाले, "म्हणजे एक्स्पोर्टच्या मण्याएवढी झाली म्हणा की." जन्मभर मण्यांचे एमएम मोजणाऱ्या माणसाला मी काय साइज समजावणार! (२० टक्के आणि किमान ५ एमएम वाढ झाली की 'प्रोग्रेस' म्हणायचं, हा नियम तुमच्या फाइलसाठी, पेशंटसाठी नाही.)

चुका सगळ्यांच्याच होतात, तुमच्याही होतील, त्याने कोणी वाईट डॉक्टर होत नाही. पण रिपोर्टातल्या इम्प्रेशनचा, म्हणजे शेवटच्या निष्कर्षाचा, फोटो मुलाला व्हॉट्सअ‍ॅप करून मोकळं व्हायचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही, कोणत्याही सीनियरने शिकवलेला असो. मुलगा तो गूगल करतो, पेटमध्ये चमकतं ते सगळं कॅन्सरच असं धरून बसतो, मेंदू आणि मूत्राशय तर सगळ्यांचंच चमकतं आणि टीबीची गाठसुद्धा चमकते हे त्याला कोण सांगणार? म्हणून स्कॅनला पाठवतानाच सांगून ठेवा, रिपोर्ट आधी हातात पडला तरी आपण बरोबर बसून बघू. आणि बोलायचं कसं ते जुन्या सिस्टरांकडून शिका, बॉसकडून नंतर.

मी आता शेवटी एकच विचारते, "घरी काकूंना काय सांगाल?" ते जे सांगतात त्यावरून आपण काय बोललो ते कळतं. ओपीडी लांबते, बॉस ओरडतात. ओरडू देत.