जुन्या छायाचित्रातील दुर्मीळ विमान कसे ओळखावे

जुन्या छायाचित्रात अपरिचित आकाराचे विमान दिसले, की मनात एखादे नाव चटकन येते आणि मग डोळे त्या नावाला पोषक तेवढेच तपशील टिपू लागतात. म्हणून नाव सर्वांत शेवटी आणावे. आधी जे प्रत्यक्ष दिसते तेवढेच कागदावर उतरवावे: पंखांच्या जोड्या किती, ते धडाच्या वरून निघतात की खालून, इंजिने किती आणि कुठे, शेपटीची रचना कशी, चाके कुठे. जो भाग दिसत नाही तो ‘दिसत नाही’ असाच नोंदवावा. अंदाजाने भरलेली जागा पुढे पुरावा म्हणून वावरू लागते.

यानंतर छायाचित्र उलटे छापलेले नाही ना, हे पाहावे. निगेटिव्ह पालथी ठेवून प्रत काढली गेली, तर डावे-उजवे बदलते. अंगावरची अक्षरे वाचता येत असतील तर प्रश्न मिटतो. नसतील तर विमानाच्या बांधणीतच खूण शोधावी लागते. ब्लोम उंड फॉस कंपनीचे बीव्ही १४१ हे जर्मन टेहळणी विमान मुळातच असमान होते: इंजिन आणि शेपूट एका लांब धडावर, तर माणसे बसण्याची काचेची कोठी त्या धडाच्या उजवीकडे वेगळी. ही कोठी डावीकडे असलेले छायाचित्र मिळाले, तर नवा प्रकार सापडल्याचा आनंद मानण्याआधी प्रत उलटी असल्याची शंका घ्यावी.

दुर्मीळ वाटणारी पुष्कळ विमाने प्रत्यक्षात परिचित विमानांची बदललेली रूपे असतात, आणि तो बदल बहुधा नाकापाशी सापडतो. मेसरश्मिट बीएफ १०९ या जर्मन लढाऊ विमानाचे इंजिन उलट्या ‘व्ही’ आकाराचे होते, त्यामुळे धूर सोडणाऱ्या नळ्यांची रांग नाकाच्या खालच्या अंगाला दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर स्पेनमध्ये याच सांगाड्यावर ब्रिटिश मर्लिन इंजिन बसवून बुचॉन हे विमान तयार झाले. मर्लिन सरळ ‘व्ही’ आकाराचे असल्याने त्याच्या नळ्या वरच्या अंगाला येतात आणि नाकाची हनुवटी जड दिसते. पुढे चित्रपटांत बुचॉन विमानांनीच जर्मन विमानांची भूमिका केली. त्यामुळे अंगावर युद्धकालीन जर्मन रंग असूनही नळ्या वर असतील, तर ते छायाचित्र युद्धकाळातले नव्हे. चेकोस्लोव्हाकियात त्याच घराण्यातून झालेल्या आव्हिया एस-१९९ मध्ये नळ्या खालीच राहतात. तिथे प्रोपेलरची रुंद पाती पाहावीत. रंग काही तासांत बदलता येतो, इंजिनाची ठेवण नाही, म्हणून मी रंगापेक्षा नळ्यांवर जास्त विश्वास ठेवतो.

एकाच कल्पनेवर वेगवेगळ्या देशांत बांधलेल्या विमानांत गल्लत सहज होते. लहान पंख पुढे आणि प्रोपेलर मागे, ही रचना अमेरिकेच्या कर्टिस एक्सपी-५५ मध्येही आहे आणि जपानच्या क्यूशू जे७डब्ल्यू शिंदेनमध्येही. शिंदेनच्या प्रोपेलरला सहा पाती असून चाकांचे दांडे विलक्षण उंच आहेत; त्याच्या उभ्या शेपट्या पंखांच्या मध्यावर आहेत आणि त्यांच्या तळाशी छोटी चाके दिसतात. एक्सपी-५५ मध्ये पाती तीन आणि उभ्या शेपट्या पंखांच्या टोकांकडे सरकलेल्या. इथे तारीखही उपयोगी पडते. शिंदेनचे पहिले उड्डाण ३ ऑगस्ट १९४५ रोजी झाले, म्हणजे जपानच्या शरणागतीला दोन आठवडेही उरले नव्हते. तेव्हा शिंदेनांचा ताफा आकाशात दाखवणारे चित्र कोणी १९४४ चे म्हणून पुढे केले, तर ते बनावट आहे.

चिन्हे वाचताना फिल्मचा विचार करावाच लागतो. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग टिपत नसे. त्यामुळे कृष्णधवल प्रतीत लाल जवळजवळ काळा, पिवळा गडद आणि निळा फिकट उतरतो. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश गोलचिन्हात बाहेरचे कडे निळे व मध्य लाल, तर फ्रेंच चिन्हात नेमके उलटे. अशा फिल्मवर ब्रिटिश चिन्हाचा मध्य गडद दिसतो आणि फ्रेंच चिन्हाचे बाहेरचे कडे. फिल्म कोणती हे ठरवल्याशिवाय केवळ छटेवरून देश सांगू नये. पंखांवर किंवा धडावर पांढऱ्या वर्तुळात सरळ उभे स्वस्तिक दिसले, तर ते जर्मन नसून फिनलंडचे असण्याची शक्यता मोठी, कारण १९१८ ते १९४५ या काळात फिनलंडच्या हवाई दलाचे ते चिन्ह होते. जर्मन स्वस्तिक शेपटीवर आणि तिरपे असे.

अमेरिकी चिन्ह तर कालनिर्णयाला फारच सोयीचे आहे. ताऱ्याच्या मध्यावरचा लाल ठिपका मे १९४२ मध्ये काढण्यात आला, १९४३ च्या मध्यापासून दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आल्या आणि १९४७ पासून त्या पट्ट्यांत लाल रेघ. अमेरिकी लष्कराच्या विमानांच्या शेपटीवरील क्रमांकात वर्षाचा पहिला आकडा गाळलेला असतो. २७८८४५ असे दिसल्यास ते ४२-७८८४५ असे वाचावे, आणि हा क्रमांक पहिल्या एक्सपी-५५ चा आहे. मात्र युद्धकाळात सेन्सॉर क्रमांक व अँटेना पुसून टाकत. म्हणून एखाद्या जागी विमानाचा पत्रा संशयास्पदरीत्या कोरा दिसला, तर तिथे काही नव्हतेच असे समजू नये.

मोजमाप घेताना एकाच दिशेतील लांबींचेच गुणोत्तर काढावे. कॅमेऱ्याकडे झुकलेला पंख नेहमी आखूड दिसतो. शेजारी उभा माणूस विमानाच्या आकाराचा चांगला अंदाज देतो, पण तो विमानाइतक्याच अंतरावर उभा असेल तरच.

आता नाव सुचले असेल, तर त्याला खोटे ठरवू शकेल असा एक तपशील मुद्दाम शोधावा: त्या प्रकाराला असायलाच हवी अशी खिडकी, नळी किंवा दांडा छायाचित्रात आहे का? तो आढळला नाही आणि झाकला जाण्याचे कारणही दिसले नाही, तर नाव सोडून द्यावे. आढळला, तर छायाचित्राच्या नोंदीत नावाबरोबर ते कोणत्या खुणांवरून ठरवले हेही लिहावे, आणि खुणा अपुऱ्या असतील तिथे ‘बहुधा’ हा शब्द न संकोचता वापरावा.