रेसिडेंट थेरपी करतोय? मग आधी त्याच्या नोट्स वाचा

मानसोपचार युनिटमधला जेआर (ज्युनियर रेसिडेंट, म्हणजे शिकत असलेला डॉक्टर) पेशंटची थेरपी घेतो, आपण सिनियर राऊंडवर जाता जाता "काय म्हणतोय तुझा पेशंट?" एवढं विचारतो आणि त्यालाच सुपरव्हिजन म्हणतो. प्रकरण ग्राहक आयोगात गेलं की हे चालत नाही बरं का. सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून फी घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, आणि नोटीस एकट्या जेआरच्या नावाने येत नाही, हॉस्पिटल आणि तुम्हीपण त्यात असता.

पहिल्याच सेशनला त्याला पेशंटशी सरळ बोलायला लावा, "मी अजून शिकतोय, तुमच्याबद्दल माझ्या सिनियर मॅडमशी बोलणार, चालेल ना?" आणि पेशंट काय म्हणाला ते लगेच केस पेपरवर. रेकॉर्डिंगची संमती वेगळी, लेखी, आणि ते स्वतःच्या मोबाईलवर तर अजिबात नाही. मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७ मधलं कलम २३ गोपनीयतेचं, पण दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून किंवा जिवाला धोका असेल तर आवश्यक तेवढं सांगता येतं, हे त्याला आधीच समजावून ठेवा.

आता नोट्स. "काउन्सेलिंग डन, पेशंट स्टेबल" ही नोट नव्हे, ही आपल्याच गळ्यातली धोंड. असं लिहायला शिकवा: "मरायचे विचार येतात का विचारलं, येतात म्हणाली, ठरवलेलं काही नाही, घरात फवारणीचं औषध आहे, तिला विचारून भावाला ते घरातून हलवायला सांगितलं, गुरुवारी बोलावलंय, मॅडमना साडेचारला फोन केला." खाली तुमची दोन ओळींची नोट, तारीख, सही. न वाचता सही ठोकणारे खूप आहेत, मला तर ते सही न करण्याहून वाईट वाटतं. आणि कलम २५ प्रमाणे पेशंट स्वतःचे रेकॉर्ड मागू शकतो, त्यामुळे जेआरला पेशंटचा राग का येतो ते सुपरव्हिजनमध्ये बोला, केस पेपरवर नको.

सोळा वर्षांची मुलगी काकाबद्दल काही सांगते आणि जेआर "कुणाला नाही सांगणार" असं वचन देऊन बसतो, हे होऊ देऊ नका. पोक्सोच्या (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, त्याने त्याच दिवशी तुम्हाला फोन करायचा, सोमवारच्या मीटिंगपर्यंत थांबायचं नाही.

जेआर पास होऊन जाणार असेल तर पेशंटला दोन महिने आधी सांगा, नवीन डॉक्टरशी एक सेशन एकत्र घ्या आणि पेशंट कुणाकडे दिला ते नाव टाकून लिहा.