जुना डेटा नव्या मशीनवर नेताना या चुका टाळा

ठाण्यातली वागळे इस्टेट असो की नवी मुंबईतलं तुर्भे, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमवर चाललेलं ऑफिस अजूनही सापडतं. नव्या ६४ बिट विंडोजवर डॉसचा (विंडोजच्या आधीच्या सिस्टिमचा) प्रोग्रॅम चालत नाही, मग शेठ म्हणतात, "पेन ड्राइव्हवर कॉपी मारा, तासाभरात होईल." तासाभरात फक्त कॉपी होते.

तीही धड होत नाही. डीबीएफ म्हणजे रेकॉर्डची मुख्य फाइल नेतात, सोबतची एफपीटी फाइल तिथेच राहते. शेरे, पत्ते असा लांबलचक मजकूर बहुतेक वेळा तिच्यातच असतो. अख्खा फोल्डर उचला.

पण माझं डोकं फिरतं ते एक्सेलमुळे. महापेच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात नवीन लागलेल्या मुलानं जुन्या डेटाची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) काढली, "जरा बघू" म्हणून डबल क्लिक केली, कॉलम रुंद केले, एक्सेल फाइल म्हणून सेव्ह करून तीच नव्या सॉफ्टवेअरला दिली. पार्टी कोड ००४१७ चा ४१७ झाला. तो लगेच लक्षात आला, तारखांकडे कुणी बघितलंच नाही. मशीनची सेटिंग अमेरिकन, त्यामुळे ०५/०६ म्हणजे पाच जूनची झाली सहा मे. तेरा तारखेपासून पुढचं एक्सेलला तारीख वाटलंच नाही, ते नुसता मजकूर म्हणून राहिलं. कॉलम नीट पाहिला असता तर काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या असत्या. थकबाकीची यादी निघाली आणि ज्यांची मुदत संपली नव्हती अशा पार्ट्यांना वसुलीचे फोन गेले. मूळ डीबीएफ शाबूत होती म्हणून निभावलं.

मी सीएसव्ही नोटपॅडमध्येच उघडतो. एक्सेल लागलंच तर डेटा टॅबमधून फाइल आत घेतो आणि सगळे कॉलम टेक्स्ट ठेवतो. वेळ लागतो, लागू दे.

बेरीज जुळत नसेल तर आधी डिलीट केलेली बिलं बघा. फॉक्सप्रोत डिलीट केलेला रेकॉर्ड जात नाही, त्यावर नुसती खूण बसते. आयात करणाऱ्या टूलनं ती खूण वाचली नाही तर रद्द बिलं पुन्हा जिवंत होतात. कॉपीवर पॅक (खूण केलेले रेकॉर्ड कायमचे काढणारी कमांड) चालवा. मूळ फाइलवर अजिबात नाही.

मराठी नावांचा वेगळा ताप. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं इंग्रजी कोडच्या जागी बसवलेली असतात, म्हणून युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या प्रमाण पद्धतीत, कचरा दिसतो. जुन्या मशीनवर नेमका कोणता फॉन्ट आहे ते आधी बघा, मग त्याचाच कन्व्हर्टर घ्या. पहिली दहा नावं बरोबर आली म्हणून खूश होऊ नका. ऱ्हस्व वेलांटी तिथे अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, त्यामुळे घोळ 'शिर्के', 'निर्मला' अशा नावांत होतो. मी तीच शोधून वाचतो.

आणि जुनं मशीन लगेच भंगारवाल्याला देऊ नका. निदान एक मार्च अखेर नव्यावर निघू द्या.