कॅम्पर व्हॅनमधल्या बॅटऱ्या लवकर का बसतात? या चुका टाळा

रात्री तीनच्या सुमाराला फ्रिजचा कॉम्प्रेसर एकदा कण्हला आणि गप्प झाला. टॉर्च लावून मीटर पाहिलं, तर ११.४ व्होल्ट. जंगलात, वीजजोडणीपासून लांब, ती आमची दुसरीच रात्र होती. बॅटरी १०० अँपिअर-तासांची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) एजीएम, म्हणजे लेड-ॲसिडचाच पाणी न घालावा लागणारा बंदिस्त प्रकार, जेमतेम चौदा महिन्यांची. मी लगेच निष्कर्ष काढला की बॅटरी लहान पडते. परत आल्यावर तशाच दोन आणून जोडल्या. पुढच्या दीड वर्षात त्या दोन्हीही बसल्या, आणि तेव्हा कुठे मी मल्टिमीटर घेऊन गाडीत खाली वाकलो.

दोष बॅटरीत नव्हताच, ती कधी पुरती भरतच नव्हती. तंबू सोडून गाडीत राहायला लागलेले बहुतेक जण इथेच फसतात. बॅटरी किती मोठी घ्यायची यावर महिनाभर डोकं खपवतात, आणि ती रोज भरणार कशी याचा विचार शेवटच्या दिवशी उरकतात.

एकाच बाजूचा हिशेब

साधा जमाखर्च मांडू. कॉम्प्रेसरचा १२ व्होल्टचा फ्रिज दिवसाला ३० ते ५० अँपिअर-तास खातो, उन्हाळ्यात जास्तच. दिवे, पंखा, पाण्याचा पंप, फोन आणि लॅपटॉप धरून रोजचा खर्च ७० अँपिअर-तास समजा. छतावर २०० वॉटचं पॅनल आहे. पॅनलवर छापलेला आकडा प्रयोगशाळेतल्या उन्हाचा असतो. सपाट छतावर, तापलेल्या काचेवर, थोड्या धुळीसकट पाऊणपट मिळाला तरी आनंद माना. चार तासांचं भरघोस ऊन धरलं तर २०० × ०.७५ × ४ म्हणजे ६०० वॉट-तास, बॅटरीच्या भाषेत साधारण ४६ अँपिअर-तास. रोजची तूट २४.

आता १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी असेल, तर तिच्यातले निम्मेच वापरायचे असतात, म्हणजे ५०. दोन दिवसांत खेळ खलास. बॅटरी दुप्पट केली की चार दिवस. अंधार टळला नाही, फक्त लांबला, आणि त्या चार दिवसांत दोन बॅटऱ्या अर्धवट उपाशी राहिल्या. तूट रोजची असेल तर पैसे बॅटरीवर घालू नका, पॅनलवर किंवा चालत्या गाडीतून चार्ज करण्याच्या सोयीवर घाला. फ्रिजचं तापमान दोन अंशांनी वाढवणं तर फुकटच आहे.

लेड-ॲसिडची उपासमार वाईट का, तर बॅटरी उतरताना प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. लगेच पूर्ण चार्ज मिळाला तर ते विरघळतं. आठवडेच्या आठवडे बॅटरी ८० टक्क्यांवरच घुटमळत राहिली तर त्याचे कडक स्फटिक होतात आणि तेवढी प्लेट कायमची कामातून जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. व्होल्टेज ठीक, डबा नवाकोरा, आणि आतली टाकी निम्मी झालेली.

तारेत हरवलेलं व्होल्टेज

माझ्या गाडीतली चूक इथे होती. चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीला बेताने देणारा डबा, पुढच्या कपाटात, दिसायला देखणा. बॅटरी मागच्या बाकाखाली. मधली तार २.५ चौरस मिलिमीटरची, एका बाजूने पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा. तांब्याच्या अशा तारेचा रोध ०.०७ ओहम भरतो. पॅनल जोरात असताना १२ अँपिअर वाहायचे, म्हणजे तारेतच ०.८४ व्होल्ट गळायचे. कंट्रोलरच्या पडद्यावर १४.४, बॅटरीच्या टर्मिनलवर १३.५६.

कुणी म्हणेल, करंट कमी होत गेला की ही गळतीही कमी होते, मग बिघडलं कुठे? बिघडतं ते वेळेत. कंट्रोलरला वाटतं, १४.४ गाठलं, तो दुसऱ्या टप्प्याचं, ज्याला ॲब्सॉर्प्शन म्हणतात त्याचं, घड्याळ सुरू करतो. दोन तासांनी तो समाधानाने फ्लोटवर, म्हणजे बॅटरी फक्त भरलेली राखणाऱ्या हलक्या चार्जवर जातो. बॅटरीला त्या दोन तासांतला बराचसा काळ हवं ते व्होल्टेज मिळालेलंच नसतं. पडद्यावर मात्र रोज दुपारी हिरवा दिवा, आणि मी त्याच्याकडे पाहून रोज खूश.

उपाय एका दुपारचा होता. कंट्रोलर उचलून बॅटरीपासून एका मीटरवर बसवला आणि मधे ६ चौरस मिलिमीटरची तार टाकली. गळती ०.०७ व्होल्टवर आली. लांब तार आता पॅनलच्या बाजूला गेली. तिथलं व्होल्टेज बॅटरीपेक्षा बरंच वर असतं, त्यामुळे पॅनलचं चढं व्होल्टेज बॅटरीजोगं उतरवून देणाऱ्या एमपीपीटी प्रकारच्या कंट्रोलरला तेवढी गळती परवडते. तुम्हीही एकदा करून पाहा: भर उन्हात चार्जिंग चालू असताना कंट्रोलरवरचा आकडा आणि बॅटरीच्या खुंटावर प्रत्यक्ष मोजलेला आकडा शेजारी लिहा. ०.२ पेक्षा जास्त फरक दिसला तर तार, लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) किंवा फ्यूजची बैठक यांपैकी काहीतरी खातंय. हात लावून बघा, जे गरम लागतं तेच बहुधा चोर असतं.

लेड की लिथियम

आधी हे सांगतो की गाडी स्टार्ट करायची बॅटरी घरासाठी वापरू नका. तिच्या पातळ प्लेटा काही सेकंद प्रचंड करंट द्यायला बनवलेल्या असतात. रात्रभर हळूहळू उतरवत राहिलात तर काही डझन खेपांतच ती मान टाकते.

लिथियम, म्हणजे इथे लिथियम आयर्न फॉस्फेट. १०० अँपिअर-तासांची ही बॅटरी ११ ते १३ किलोंची, तेवढीच एजीएम ३० किलोंच्या आसपास. लिथियममधले ८० ते ९० टक्के बिनधास्त वापरता येतात, आणि आयुष्य हजारो फेऱ्यांचं. पण माझ्या मते तिचा सगळ्यात मोठा गुण वेगळाच आहे: तिला रोज पूर्ण भरण्याची गरज नसते. ६० टक्क्यांवर आठवडाभर राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. ऑफ-ग्रिड राहणाऱ्याचं ऊन रोज भरवशाचं नसतं, त्याला हा स्वभाव वजनापेक्षाही मोलाचा. वर्षातून दोनच वेळा बाहेर पडणार असाल आणि एरवी गाडी वीजजोडणीला लावलेली असेल, तर मात्र एजीएम अजूनही शहाणपणाची निवड आहे.

लिथियम आणली की दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, थंडी. बॅटरीच्या आतलं तापमान शून्य अंशाच्या खाली असताना चार्ज केलं तर सेलमध्ये धातुरूप लिथियमचा थर बसतो आणि ते नुकसान भरून येत नाही. वीज काढायला हरकत नाही, भरायला आहे. चांगल्या बीएमएसमध्ये (बॅटरीच्या आतलं राखणदार सर्किट) हे कुलूप असतं, पण विकत घेण्याआधी माहितीपत्रकात ते शोधाच. दुसरी, जुना चार्जर तसाच ठेवणं. लेड-ॲसिडच्या चार्जरमध्ये १५ व्होल्टच्या वर जाणारं इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त चार्ज देण्याचा टप्पा) असेल तर ते बंद हवं, आणि तापमानानुसार व्होल्टेज कमी-जास्त करण्याची सोयही बंद हवी. लिथियमला १४.२ ते १४.६ पुरतं, फ्लोटची गरज नाही, ठेवायचाच तर १३.५ च्या आसपास. उलट लेड-ॲसिडला ही तापमानाची सोय लागतेच: २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण २० ते ३० मिलिव्होल्ट कमी. उन्हात तापलेल्या गाडीत बॅटरी ४५ अंशांवर गेली, तर जवळजवळ अर्ध्या व्होल्टचा फरक झाला. म्हणून तापमानाचा सेन्सर बॅटरीला चिकटवा, भिंतीला नको.

अल्टरनेटरचा जीव घेऊ नका

लेड-ॲसिड बॅटरी भरत आली की आपणच हात आखडता घेते. लिथियम तसं करत नाही. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र, देईल तेवढा करंट ती शेवटपर्यंत ओढत राहते. गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन चालवलं तर अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो, वारा नाही, आणि काही मिनिटांत तो भाजून निघतो. भरीला, बॅटरी पूर्ण झाल्यावर बीएमएसने झटकन तोडलं की व्होल्टेजची उसळी येते आणि अल्टरनेटरचे डायोड जातात. साध्या रिलेने दोन बॅटऱ्या जोडायची जुनी पद्धत इथे चालत नाही. मधे डीसी-टू-डीसी चार्जर घाला, २० किंवा ३० अँपिअरचा. तो करंटला लगाम घालतो आणि नव्या गाड्यांच्या स्मार्ट अल्टरनेटरचं खाली-वर होणारं व्होल्टेजही सांभाळून घेतो.

जनरेटर वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. लेड-ॲसिड ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते, उरलेले २० टक्के तीन-चार तास खातात, चार्जर कितीही मोठा असो. संध्याकाळी तासभर जनरेटर लावून काहीच साधत नाही. सकाळी लावा, शेवटचा रेंगाळणारा भाग उन्हावर सोडा. शेजारच्या तंबूवालेही दुवा देतील.

व्होल्टेज म्हणजे पेट्रोलचा काटा नव्हे

लेड-ॲसिडला काही तास विश्रांती दिल्यावर १२.७ म्हणजे भरलेली, १२.१ च्या आसपास म्हणजे निम्मी. पण फ्रिज चालू असताना किंवा ऊन पडलेलं असताना घेतलेला आकडा काहीच सांगत नाही. लिथियममध्ये तर ९० पासून २० टक्क्यांपर्यंत व्होल्टेज जवळजवळ आडव्या रेषेत चालतं, १३ च्या आसपास. तिथे शंट (निगेटिव्ह तारेत बसवायचा मोजणीचा तुकडा) लावलेला मॉनिटरच हवा, जो आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपिअर मोजतो. त्यातही एक मेख आहे: निगेटिव्हची एकही तार शंटला वळसा घालून थेट बॅटरीला लागली, तर त्या तारेचा हिशेब लागत नाही आणि आठवड्याभरात मॉनिटर थापा मारायला लागतो.

आता भराभर. इन्व्हर्टर रिकामा चालू ठेवला तरी १० ते २० वॉट पितो, म्हणजे दिवसाला २० ते ४० अँपिअर-तास. काम झालं की बटण बंद. १००० वॉटचं काही चालवलं तर १२ व्होल्टच्या बाजूने ९० ते १०० अँपिअर ओढले जातात, त्याला बोटाएवढी जाड आणि आखूड केबल लागते. जुनी आणि नवी बॅटरी समांतर जोडू नका, जुनी नवीला खाली ओढते. दोन बॅटऱ्या जोडताना पॉझिटिव्ह एका बॅटरीवरून घ्या आणि निगेटिव्ह दुसरीवरून, नाहीतर पहिलीच सगळा भार उचलते. मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा, कारण त्याच्या अलीकडची तार कुणीच राखत नाही. कंट्रोलर आधी बॅटरीला जोडा, मग पॅनलला, सोडवताना उलट. आणि पाण्याच्या बॅटरीला (जिच्यात पाणी घालावं लागतं त्या लेड-ॲसिडला) बाहेर उघडणारा झरोका हवाच, चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते.

बिघाड ओळखताना

लिथियमचं व्होल्टेज शून्य किंवा दोन-तीनच दिसतंय? ती मेली असं धरून टाकू नका. बहुधा बीएमएसने दार लावलंय. सगळा लोड काढा आणि लिथियमला जागं करायची सोय असलेला चार्जर लावा. पुष्कळदा बॅटरी डोळे उघडते.

विश्रांतीत १२.७, पण फ्रिज सुरू होताच ११.२? आधी मल्टिमीटरची सळई लगवर नाही, थेट बॅटरीच्या खुंटावर टेकवा. खुंटावर १२.४ आणि लगवर ११.२ असेल तर सांधा ढिला किंवा गंजलेला आहे, पाना आणि तारेचा ब्रश पुरतो. खुंटावरही ११.२ असेल तर बॅटरीच आतून खंगलीय. पाण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटरने, म्हणजे आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने, प्रत्येक सेल तपासा: भरलेल्या सेलमध्ये १.२६५ ते १.२८० दिसायला हवं, आणि एखादा सेल इतरांपेक्षा ०.०५ ने मागे असेल तर दोष तिथे आहे.

शंका उरलीच तर क्षमता मोजा. १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड पूर्ण भरा, पाच अँपिअरचा लोड लावा आणि दहा तासांनी लोड काढून विश्रांतीनंतर मोजा. १२.१ च्या जवळपास असेल तर बॅटरी धडधाकट आहे. मी नंतर आणलेल्या त्या दोनांपैकी एक बॅटरी साडेचार तासांतच तिथे पोचली होती.