कीटक ऊन-थंडी कशी सांभाळतात ते बघायचंय? असं करा
सकाळी कोवळं ऊन पडलं की बाहेर जा. फुलपाखरू पंख पसरून उन्हात बसलेलं दिसलं तर ते अंग तापवतंय, त्याला हाकलू नका प्लीज, गार अंगाने नीट उडता येत नाही त्याला. भर दुपारी पाण्याजवळ चतुर शोधा, काही जण शेपटी सरळ सूर्याकडे वर करून बसतात म्हणजे अंगावर ऊन कमी पडतं, हे मला सगळ्यात भारी वाटतं! अंधार पडताना मोठा पतंग उडायच्या आधी पंख थरथरवतो, तो स्नायू गरम करतोय. मधमाश्या तर पाणी आणून पंखांनी वारा घालून पिल्लांची जागा साधारण ३४-३५ अंशांवर ठेवतात, पण पोळं लांबूनच बघा.